पुस्तकाबरहुकूम सिनेमा हवाय कशाला?

आज डेक्कनला एका ओळखीच्यांच्या हॉलवर 'नेकेड लंच' बघितला. नंतरच्या चर्चेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "दिग्दर्शकानं कादंबरी धड वाचलेली दिसत नाही." लोकांनी माना डोलावल्या! तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, धड वाचायची कादंबरी आहे का ती? हॉस्टेलवर माझा रूममेट मेसमधून जेवून आला की ती उघडायचा आणि जे पान निघेल ते मोठ्यानं वाचायचा. आज मधलं, उद्या शेवटचं. काही बिघडायचं नाही. गोष्ट अशी नव्हतीच. व्यसन, किळस, भीती, आणि मधेच खदाखदा हसू. अमेरिकन लेखक विल्यम बरोजचं हे पुस्तक १९५९ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं, पुढे अमेरिकेत त्यावर अश्लीलतेचा खटला चालला. ते जसंच्या तसं पडद्यावर आणायचं म्हणजे नेमकं काय आणायचं? सांगा ना.

सिनेमाचा दिग्दर्शक क्रोननबर्गनं १९९१ साली पुस्तकाऐवजी ते लिहिणारा माणूसच धरला. बरोजनं खरोखर पेस्ट कंट्रोलची नोकरी केली होती. सिनेमातला नायक बिलही तीच करतो, आणि त्याची बायको किडे मारायची ती पावडर स्वतःला टोचून घेते. टाइपरायटरचा भलाथोरला किडा होतो आणि पंखांखालच्या भोकातून बिलला हुकूम सोडतो. रात्री लिहायला बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि जोन, बरोजची बायको. १९५१ साली मेक्सिको सिटीत दारूच्या नशेत बरोजच्या हातून बायकोला गोळी लागली. ती तशी गेली नसती तर मी लेखक झालोच नसतो, असं त्यानं पुढे स्वतः लिहिलंय. सिनेमाच्या शेवटी सरहद्दीवरचे शिपाई बिलला म्हणतात, लेखक आहेस ना, दाखव. बायको आधीच त्याच्या गोळीनं गेलेली; तो गाडीत मागे असलेल्या, हुबेहूब तिच्यासारख्या दुसऱ्या जोनला पुन्हा गोळी घालतो. मला तिथे बसवेना. रूममेटच्या आवाजात ऐकलेली ती तुटकतुटक पानं कुठून आली होती, ते आज कळलं.

पुस्तकातला उपहास सिनेमात पातळ झालाय, समलैंगिकतेपाशी तर सिनेमा चक्क बिचकतो. मान्य. म्हणून वाचलंच नाही म्हणायचं?

आपल्याकडे नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीवर सिनेमा म्हटलं की लगेच नायक पांडुरंग कोण करणार, प्रसंग कुठले घेणार. त्याची धाकटी बहीण मनी गेल्यावरची पानं 'प्रसंग' म्हणून घेणार का? ती वाचून ज्याची झोप उडाली त्यानं करावा, आणि हवा तसा मोडून करावा. पुण्यात शिकलेल्या दिग्दर्शक मणी कौल यांनी १९८० साली हिंदी कवी मुक्तिबोधांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' केलाच की! मराठीत असं काही कुणी करत असेल तर खरंच कळवा. आपण वर्गणी काढू.