खुलासा : भारतीय पारपत्रधारकांना ‘एटियास’ लागत नाही
युरोपला जाणाऱ्या भारतीयांना यापुढे व्हिसाखेरीज २० युरो भरून ‘एटियास’ परवानगी काढावी लागेल आणि ती कोणाला द्यायची हे एक खासगी कंपनी ठरवेल, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

ज्या देशांच्या नागरिकांना अल्प मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा (बहुतेक युरोपीय देशांसाठीचा सामायिक व्हिसा) लागत नाही, त्यांच्यासाठी ही पूर्वपरवानगी आखलेली आहे. भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतोच, त्यामुळे एटियासचा प्रश्नच येत नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश पारपत्र असलेली मराठी कुटुंबे मात्र या नियमाखाली येतात. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने त्यात फरक पडत नाही.

सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा जुळवणारी यंत्रणा उभारण्याचे कंत्राट २०२० मध्ये इडेमिया व सोप्रा स्टेरिया या फ्रेंच कंपन्यांना मिळाले, हे खरे आहे, आणि इतकी संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या यंत्रणेत खासगी कंपन्यांचा वाटा किती असावा, हे विचारलेच पाहिजे. परंतु कंत्राट देणारी ‘यू-लिसा’ ही युरोपीय संघाची संस्था आहे, आणि आपोआप तपासणीत शंका उद्भवलेला एटियास अर्ज संबंधित देशाच्या सरकारी कक्षाकडे जातो. नकार तोच कक्ष देतो आणि त्याविरुद्ध त्या देशात दाद मागता येते.

भारतीयांना लागू होते ती १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली प्रवेश-निर्गमन नोंदणी. तीत व्हिसाधारकाचा चेहरा सीमेवर टिपला जातो; ठसे व्हिसाच्या वेळी दिलेलेच वापरले जातात. तिला शुल्क नाही, त्यामुळे तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या कोणालाही ते देऊ नयेत.