फितऱ्याचा तांदूळ आणि पावतीपुस्तक

ताई, आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात जकात (शिलकीतला गरिबांचा वर्षाचा वाटा) आणि फितरा (ईदच्या आधी द्यायचं धान्य) कसा वाटतात, याचं कौतुक करत मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगते. जमातीचा, म्हणजे मोहल्ल्यातल्या मुसलमानांच्या पंचायतीचा, कारभार तोंडी चालतो, हिशेब विचारायची कुणाची छाती होत नाही, मुतवल्लीच्या, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणाऱ्याच्या, नात्यातल्यांना आधी मिळतं आणि एकटी बाई उंबऱ्याबाहेर राहते, असं तुम्ही लिहिलंत. नोंदणीकृत संस्थेत निदान पावती असते, ऑडिट असतं, धर्मादाय आयुक्तांचा धाक असतो. आणि शेवटी विचारलंत, "गरिबाला मिळाल्याशी मतलब. मोहल्ल्याचं एवढं कौतुक कशाला?"

आधी बाईचं बोलते, कारण तिथे मला तुमचं म्हणणं खोडता येत नाही. आमच्याकडे तलाकनंतर दोन मुलींना घेऊन माहेरी परत आलेली एक बाई होती. जमातीची यादी घरटी एक, तीही कर्त्या पुरुषाच्या नावाने. तिच्या भावाचं नाव यादीत होतं आणि भावाचं बरं चाललं होतं, म्हणून तीन रमजान तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. मागायला ती गेली नाही आणि विचारायला कुणी आलं नाही. हे मला माहीत होतं. लेखात मी ते लिहिलं नाही, ही माझी चूक झाली.

पण इस्लामला संस्था नकोत असं मी म्हटलेलं नाही. कुराणातल्या सूरह तौबाच्या (सूरह म्हणजे अध्याय) 60व्या आयतीत, म्हणजे वचनात, जकात कुणाला द्यायची ते 8 प्रकारचे लोक सांगितलेत. फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि गरजू, यांच्या लगेच मागे तिसरे येतात ते जकात गोळा करणारे, त्या कामावर नेमलेले लोक. म्हणजे कारकुनाचा पगारसुद्धा त्यातच धरलेला आहे. पैगंबरांनी आपले सोबती मुआझ यांना येमेनला पाठवलं तेव्हा सांगितलं, की जकात तिथल्या श्रीमंतांकडून घ्यावी आणि तिथल्याच गरिबांना द्यावी. व्यवस्था पहिल्यापासून आहे. आम्ही कोकणातले शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार मजहबांपैकी (धर्मकायद्याच्या परंपरांपैकी) एक मानणारे, आमच्या मजहबात तर जकात गावाबाहेर न्यायला सहसा परवानगीच देत नाहीत.

माझं म्हणणं वेगळं होतं, कदाचित मला ते नीट मांडता आलं नाही. सूरह मआरिजमध्ये शब्द आहे 'हक'. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा तुमच्या मालात ठरलेला हक. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक चांद्रवर्षभर तुमच्याकडे राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा तुमचा उरतच नाही. तो ज्याचा आहे त्याच्या घरी पोचवायचा, एवढंच तुमच्या हातात. मग ज्याची वस्तू त्यालाच देताना त्याला रांगेत का उभं करायचं?

फितऱ्याचं सांगते. ईदच्या आदल्या रात्री आई माणशी एक साअ, म्हणजे अडीच किलोच्या आसपास, तांदूळ मापायची. घरात जितकी माणसं तितकी मापं, पाळण्यातल्या बाळाचंसुद्धा. मग आम्हा मुलांना अंधारात पाठवायची आणि बजावायची, "ठेवायचं आणि यायचं, उभं राहायचं नाही." आणि यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आमच्यात फितरा देण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. ईदचा दिवस आणि रात्र भागून ज्याच्या घरी वर काही उरतं, त्याने द्यायचा. त्यामुळे आम्ही जिच्या ओट्यावर तांदूळ ठेवायचो, तीच म्हातारी आपलं एक माप घेऊन पलीकडच्या घरी निघालेली दिसायची. त्या रात्री ती घेणारीही असायची आणि देणारीही. ताई, मला जे कौतुक आहे ते या म्हातारीचं आहे.

आता पावतीकडे येते. 22 जुलै 2021ला चिपळुणात पाणी भरलं, त्यानंतर मी नातेवाइकांकडे चिखल काढायला गेले होते. एका संस्थेचा टेम्पो आला. काम चांगलं होतं, किटमध्ये सामान भरपूर होतं. पण आधी आधारकार्ड, मग सही, मग बॅनर धरून फोटो. माझ्या मामीने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. तिने पदर तोंडावर ओढून फोटो दिला आणि घरात येऊन ते किट दोन दिवस उघडलं नाही. उपकार बोलून दाखवून, मन दुखवून आपला सदका, म्हणजे दान, वाया घालवू नका, असं सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. तो फोटो देणगीदारांना हिशेब म्हणून लागतो, हे मला कळतं. पण तो हिशेब मामीच्या चेहऱ्याने का चुकता करायचा?

आणि नुसत्या कायद्याने भरवसा येत नाही. पाकिस्तानात 1980मध्ये लष्करी शासक झिया-उल-हक यांनी वटहुकूम काढून बँकांतल्या बचत खात्यांतून अडीच टक्के जकात कापायला सुरुवात केली. शियांनी इस्लामाबादेत मोठं आंदोलन करून सूट मिळवली आणि बाकीचे कित्येक जण रमजान लागायच्या आधी पैसे काढून घेऊ लागले. त्याच देशात समाजसेवक अब्दुल सत्तार ईधी रस्त्यावर झोळी घेऊन बसले की लोक खिसे रिकामे करत. ईधींची संस्थाच होती, 1951पासूनची, रुग्णवाहिकांचा मोठा ताफा असलेली. पण तिच्या केंद्रांबाहेर पाळणे ठेवलेले असत. नको असलेलं मूल मारू नका, इथे ठेवा, असं सांगणारे. ठेवणाऱ्या बाईला कुणी नाव विचारत नसे. तुमच्या-माझ्या वादात मी त्या पाळण्याच्या बाजूची आहे, मग तो जमातीने ठेवलेला असो की संस्थेने.

आपल्याकडेही हे जमतं. इचलकरंजीच्या मुसलमानांनी 2020च्या रमजानमध्ये जकातीचे 36 लाख रुपये जमवून इंदिरा गांधी रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. पैसा मोहल्ल्याचा, रुग्णालय सरकारी, आणि त्या खाटांवर झोपणाऱ्याला जात-धर्म विचारायचा प्रश्नच नव्हता.

तुमच्या संस्थेला जकात द्यायची का, हेही तुम्ही विचारलंत. देईन. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, पैसा आमच्या तालुक्यातच खर्च करा. दुसरं, फोटो नको. आकडे द्या, किती घरांना किती दिले ते लिहा, मी ते मशिदीच्या फलकावर लावायला सांगेन. आणि जमातीची यादी आम्ही तीन बायका यंदा घरोघर फिरून नव्याने करतोय, चुलीगणिक, कर्त्या पुरुषागणिक नाही. मुतवल्ली अजून हो म्हणाले नाहीत. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, पहिल्या जुम्म्याला (शुक्रवारी) पुन्हा विचारणार आहोत. तुम्हाला यादी कशी करायची ते माहीत आहे, ताई. त्या आठवड्यात येऊ शकाल का?