नूतनला केवळ ‘मिस इंडिया’ म्हणून आठवू नये

दरवर्षी 4 जूनला नूतनचा जन्मदिवस आला की समाजमाध्यमांवर तिची जुनी छायाचित्रे फिरू लागतात आणि त्यांच्याखाली हमखास एक ओळ असते: ‘1952 ची मिस इंडिया, जी पुढे मोठी अभिनेत्री झाली.’ ही ओळ वाचली की मला मनापासून वाईट वाटते. एक तर तिच्यातला क्रमच उलटा आहे. नूतनचा ‘हमारी बेटी’ 1950 साली आला आणि ‘हम लोग’ व ‘नगीना’ 1951 साली; म्हणजे किताब मिळण्याआधीच ती पडद्यावर नायिका म्हणून उभी राहिलेली होती. त्या काळी सौंदर्यस्पर्धेच्या मुकुटाने सिनेमाचे दार उघडत नसे. त्याच 1952 साली मिस इंडिया म्हणून मिस युनिव्हर्सच्या स्पर्धेला गेलेल्या इंद्राणी रेहमान सिनेमाकडे न जाता नृत्यातच राहिल्या आणि भारतीय शास्त्रीय नृत्यात त्यांनी मोठे नाव कमावले. किताबातून रुपेरी पडद्याकडे जाणारा राजमार्ग बऱ्याच नंतरचा आहे, आणि आपण तो नूतनच्या आयुष्यावर मागाहून चिकटवतो.

वास्तविक तिला सिनेमा घरातूनच मिळाला होता. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक होते, तर आई शोभना समर्थ यांनी 1943 च्या ‘रामराज्य’मध्ये साकारलेली सीता घराघरांत पोहोचलेली होती. अशा देखण्या आईची ही मुलगी मात्र सडपातळ, सावळी आणि लाजरी होती. लहानपणी आपण कुरूप आहोत असेच तिला वाटत असे, आणि हे तिने पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले. तरीही शोभनाबाईंनी ‘हमारी बेटी’ स्वतः दिग्दर्शित करून तिला उभे केले. ‘नगीना’ प्रदर्शित झाला तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती आणि चित्रपटाला ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र होते, त्यामुळे चित्रपटाच्या नायिकेलाच चित्रपटगृहाच्या दारातून परत पाठवण्यात आले. पुढे तिला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला पाठवले गेले. तिथून ती अधिक निरोगी आणि आत्मविश्वासाने परतली, आणि खरी नूतन मला तिथपासून दिसू लागते.

1955 साली अमिय चक्रवर्तींचा ‘सीमा’ आला. सुधारगृहात आणलेली, कोणावरच विश्वास न ठेवणारी गौरी तिने उभी केली आणि पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. त्यातले ‘मनमोहना बडे झूठे’ हे जयजयवंती रागातले गाणे शांतपणे पाहावे असे मी गाण्याची आवड असणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. आवाज लता मंगेशकरांचा आहे, पण तान सुरू होताना मान कुठे उचलली जाते, श्वास कुठे घेतला जातो, सम येताना डोळे कसे निवतात, हे सगळे इतके अचूक आहे की पार्श्वगायन आहे याचा विसर पडतो. याचे कारण सरळ आहे: नूतन गाणे शिकलेली होती. 1960 च्या ‘छबिली’मध्ये स्नेहल भाटकरांच्या संगीत दिग्दर्शनाखाली तिने स्वतः गायिलेली गाणी आहेत, आणि हेमंतकुमारांसोबतचे ‘लहरों पे लहर’ आजही ऐकले जाते. आपल्या भाटकरबुवांच्या चाली आणि नूतनचा गळा ही जोडी मराठी रसिकांनी तरी विसरू नये.

1958 साली ‘दिल्ली का ठग’मध्ये पोहण्याच्या पोशाखात दिसलेली ही अभिनेत्री पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त साध्या सुती साडीत आली. ब्राह्मण कुटुंबात वाढलेली पण ‘मुलगी’ म्हणून नव्हे तर ‘मुलीसारखी’ म्हणूनच ओळख करून दिली जाणारी अस्पृश्य मुलगी, अशी ती भूमिका होती. त्यात सुनील दत्त दूरध्वनीवरून ‘जलते हैं जिसके लिए’ गातो आणि दुसऱ्या टोकाला ती केवळ ऐकत उभी असते. संपूर्ण गाण्यात तिच्या वाट्याला एकही शब्द नाही. कानाशी धरलेला रिसीव्हर, खाली गेलेली नजर, हळूहळू भरत आलेले डोळे आणि आपल्याला असे सुख मिळू शकते यावर न बसणारा विश्वास एवढ्यावरच ते गाणे तोलले गेले आहे. ऐकणे हा अभिनयाचा सर्वांत अवघड भाग आहे असे माझे मत आहे, आणि हिंदी चित्रपटात तो नूतनइतका कोणी साधला असेल असे मला वाटत नाही.

‘बंदिनी’ (1963) बद्दल लिहायला बसले की जागा कमीच पडते. 11 ऑक्टोबर 1959 रोजी नौदल अधिकारी रजनीश बहल यांच्याशी विवाह झाल्यावर नूतनचा काम थांबवण्याचा विचार होता; बिमलदांच्या आग्रहामुळे ही भूमिका तिने स्वीकारली, हे आपले भाग्य. विषप्रयोगाचा तो प्रसंग आठवून पाहावा. ज्या चिडखोर रुग्ण स्त्रीची सेवा कल्याणी, म्हणजे नूतन, करते आहे ती आपल्याच प्रियकराची पत्नी आहे हे तिला कळलेले असते, आणि तिच्या शोधात निघालेले वडील अपघातात गेलेले असतात. बाहेर लोखंडावर घण पडत आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर क्षणात येतो आणि क्षणात जातो. प्रत्येक वेळी उजेड येतो तेव्हा चेहरा थोडा बदललेला असतो: आधी दुःख, मग जळफळाट, मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’नंतर तिचा हात विषाकडे जातो. तिथे एखादी दुसरी अभिनेत्री किंचाळली असती, आणि आपण तेही मान्य केले असते. नूतनने चेहरा रिकामा होऊ दिला, म्हणूनच गुन्हा कबूल करणाऱ्या कल्याणीचा आपल्याला राग येत नाही. इथे सौंदर्याचा किताब कुठल्या उपयोगाचा होता?

लग्न झाले, मूल झाले की नायिकेचे पुस्तक मिटायचे, अशा काळात तिची उत्तम कामे लग्नानंतरची आहेत, ही गोष्ट मला तिच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाच फिल्मफेअर पुरस्कारांहून मोठी वाटते. ‘मिलन’ आणि ‘सरस्वतीचंद्र’ सगळ्यांना ठाऊक आहेत, परंतु 1973 चा ‘सौदागर’ मात्र अन्यायाने मागे पडला. बिमल रॉय यांच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन केलेल्या सुधेंदु रॉय यांनी तो दिग्दर्शित केला होता. खजुरीच्या रसापासून उत्तम गूळ करणाऱ्या विधवा महजुबीशी मोती लग्न करतो, तिच्या श्रमातून पैसा जमवतो आणि त्याच पैशातून दुसरीशी निकाह लावण्यासाठी तिला तलाक देतो. मोतीच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आहेत. चुलीवरच्या काहिलीत रस उकळताना तो ढवळणारी, धुराने डोळे चुरचुरत असताना पाकाच्या रंगावर लक्ष ठेवणारी महजुबी पाहिली की अभिनय शरीराच्या सवयींतून कसा उभा राहतो ते कळते. त्यानंतर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी राज खोसलांच्या 1978 च्या ‘मैं तुलसी तेरे आंगन की’साठी तिला पाचवा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कार मिळाला. हा चित्रपट चंद्रकांत काकोडकरांच्या ‘अशी तुझी प्रीत’ या मराठी कादंबरीवरून घेतलेला आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांच्या ध्यानात नसते. पाच पुरस्कारांची बरोबरी पुढे तिची भाची काजोल हिने केली.

मधल्या काळात पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत दुरावा आला आणि तो अनेक वर्षे टिकला. त्याची चवीने केलेली चर्चा मला कधीच आवडली नाही. 1974 साली तिला पद्मश्री मिळाली. 1985 च्या ‘मेरी जंग’मधल्या आईसाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि 1986 च्या ‘कर्मा’त दिलीपकुमारांबरोबर ती पहिल्यांदाच पडद्यावर आली, दोघांच्या ऐन तारुण्यात ही जोडी जुळली नाही याची हळहळ अजून वाटते. स्तनांच्या कर्करोगाने 21 फेब्रुवारी 1991 रोजी ती गेली तेव्हा चौपन्न वर्षांची होती, आणि तिचे काही चित्रपट तिच्या पश्चात प्रदर्शित झाले.

येत्या 4 जूनला तिचे छायाचित्र टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्याखाली ‘मिस इंडिया’ लिहिण्याऐवजी महजुबी लिहा, कल्याणी लिहा, सुजाता लिहा. आणि ज्यांनी ‘सौदागर’ पाहिलेला नाही त्यांनी त्या दिवशी तोच पाहावा.