ब्लॉक केलंय, पण दवंडी कशाला?

परवा रात्री सहज म्हणून एका साइटवर ब्लूस्काय या ट्विटरसारख्या ॲपवरचं माझं हँडल (खात्याचं नाव) टाकलं आणि मला कुणी कुणी ब्लॉक केलंय त्याची यादी तारखांसकट समोर आली. 16 जण! बहुतेकांशी मी कधी एक शब्द बोललेलो नाही. एक नाव मात्र ओळखीचं निघालं. त्याच्या पोस्टवर मी मनापासून हसायचो, तोही माझ्या. त्या तारखेला आपण असं काय लिहिलं होतं, ते शोधत एक वाजेपर्यंत जागा होतो. काही सापडलं नाही.

यात हॅकिंग वगैरे काही नाही, बरं का. ब्लूस्कायवर ब्लॉक ही सार्वजनिक नोंदच असते. लोकांचा डेटा वेगवेगळ्या सर्व्हरवर असू शकतो, तो दाखवणारी ॲप्सही वेगवेगळी. ब्लॉक सगळीकडे पाळला जायचा तर तो सगळ्यांना कळायला हवा, म्हणून उघडा. म्यूट, म्हणजे कुणाच्या पोस्ट फक्त आपल्यापुरत्या बंद करणं, मात्र खासगी. कारण समजलं. पण एखाद्या बाईने मागे लागलेल्या माणसाला वैतागून ब्लॉक करावं आणि तिने आणखी कुणाकुणाला ब्लॉक केलंय हे त्याच माणसाला निवांत वाचता यावं, हे काही गळी उतरत नाही.

एक्सची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरची, तऱ्हा वेगळी. तिथे प्रोफाइल उघडलं की तोंडावरच सांगतात, तुम्हाला ब्लॉक केलंय. मग त्याचा स्क्रीनशॉट पदक मिळाल्यासारखा मिरवायचा. त्यात 2024 च्या अखेरीस त्यांनी नियम बदलला: ब्लॉक केलेल्यालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. म्हणजे भांडण चव्हाट्यावर आणि कडी अर्धवट लावलेली.

सत्तेतल्या लोकांचं मात्र मी उलट म्हणेन. त्यांची यादी उघडीच हवी. ट्रम्प यांनी टीकाकारांना ट्विटरवर ब्लॉक केलं, ते 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढे ते पदावरून गेल्यावर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण निकाली काढलं, ते जाऊ दे. पदाच्या खात्यावरून कुणाला बाहेर काढलं हे लोकांना कळायलाच हवं. तुमच्याआमच्या ब्लॉकशी गावाला काय करायचंय?

या बाबतीत मला फेसबुकच बरं वाटतं. आपण समोरच्याला दिसेनासे होतो, बस. खातं बंद केलं की ब्लॉक केलं, त्याला चटकन उमगत नाही. नात्यातल्या एका काकांना मी दोन वर्षांपूर्वी ब्लॉक केलंय. भेटले की विचारतात, "हल्ली फेसबुकवर दिसत नाहीस रे?" मी म्हणतो, "वेळच होत नाही हो काका." तेही मान हलवतात. ही पोस्ट त्यांना दिसणार नाही, म्हणूनच हे लिहितोय.

आणि तो ब्लूस्कायवरचा मित्र? "काय रे, माझं काय चुकलं?" असं त्याला विचारायला मी बसलो होतो. सगळं टाइप झाल्यावर लक्षात आलं, मेसेज जाणारच नाही.