शिक्षक कमी पडतायत? मोजायची पद्धत बदला

अभिनंदन. जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत शिक्षक पुरेसे आहेत का याचा अहवाल करायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडलंय, आणि वरून निरोप असा की आकडा चांगला पाहिजे आणि शुक्रवारपर्यंत पाहिजे. घाबरू नका. फक्त एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे नववीच्या वर्गात तिसऱ्या तासाला गणित शिकवायला कोणी उभं असतं का हा प्रश्न. हा प्रश्न कुठल्याच प्रपत्रात नाही, त्याला रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याची काळजी करायचा पगार आपल्याला मिळत नाही.

सुरुवात भागाकारानं करायची. एकूण विद्यार्थी भागिले एकूण शिक्षक, संपला विषय. २०२४-२५ च्या युडायस प्लसमध्ये, म्हणजे केंद्राच्या शाळांच्या वार्षिक आकडेवारीत, देशाचं माध्यमिकचं गुणोत्तर २१ आलंय, म्हणजे एका शिक्षकामागे २१ पोरं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाची अपेक्षा ३० च्या आत, वंचित भागात २५ च्या आत, म्हणजे आपण नुसते पास नाही, डिस्टिंक्शनमध्ये आहोत. त्याच वर्षी देशातले शिक्षक पहिल्यांदा १ कोटीच्या वर गेले. एवढं सगळं असताना कोणी शिक्षक कमी आहेत म्हणत असेल तर त्याला भागाकार येत नाही असं खुशाल समजा. भागाकार का येत नाही, तर त्याच्या शाळेत गणिताला सर नव्हते, पण ते असो, तो प्रश्न आपण आत्ताच डोक्यातून काढलाय.

सरासरीची खरी करामत पुढे आहे. त्याच आकडेवारीत देशात ७,९९३ शाळा अशा आहेत की जिथे एकही विद्यार्थी नाही, आणि त्या शाळांवर २०,८१७ शिक्षक आहेत (यातले बहुतेक पश्चिम बंगालात, त्यामुळे आपण निवांत हसू शकतो). दुसरीकडे १ लाखाच्या वर शाळा एकशिक्षकी. आता वेगवेगळं बघितलं तर ही दोन दुखणी आहेत, पण एकत्र करून भागलं की एकाच्या खड्ड्यात दुसऱ्याची माती पडते आणि रस्ता सपाट. म्हणून अहवाल कधीही शाळावार देऊ नका. तालुकावार मागितला तर जिल्हावार द्या, जिल्हावार मागितला तर विभागवार. एकदा का नाशिक शहरातल्या शाळेतले सर आणि नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावातली पोरं एकाच भागाकारात बसली की त्या पोरांना शिक्षक मिळाला, कागदावर का होईना.

विषय विचारायचा नाही हे तर सांगायलाच नको. शिक्षक म्हणजे शिक्षक, त्यात गणिताचा, इंग्रजीचा असले भेद कशाला. समजा एखाद्या हायस्कूलात नववी-दहावीचे मिळून साठ विद्यार्थी आणि तीन शिक्षक. गुणोत्तर २०, एकदम झकास. आता त्या तिघांत एक मराठी-हिंदीचे, एक इतिहास-भूगोलाचे आणि एक पुन्हा मराठीचेच असतील, तर गणित भाग १, गणित भाग २, विज्ञान भाग १, विज्ञान भाग २ आणि इंग्रजी हे कोण घेतं असला चोंबडेपणा करू नका. घेतात कोणीतरी. इतिहासाचे सर विज्ञान भाग २ घेतात, प्रामाणिकपणे घेतात बिचारे, आदल्या रात्री यूट्यूब बघून घेतात, आणि पोरांनी शंका विचारली की "हे परीक्षेला येत नाही" म्हणून सांगतात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा असं लिहिलंय, पण तो कायदा आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलेल्या पोराला हक्काचं वय संपल्याचं तुम्ही समजावून सांगू शकता.

आता "एक शिक्षक" म्हणजे काय, तर हजेरीपुस्तकात नाव असलेला कोणीही. पूर्ण पगाराचा तो एक. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून राबणारा, ज्याला माध्यमिकला २०२३ पर्यंत महिन्याला ८ हजार मानधन होतं आणि मग १८ हजार झालं, तोही एक. शाळेला २० टक्के अनुदान आहे म्हणून पगाराचा पाचवा हिस्सा घेणारा तोही अख्खा एक, त्याला २० टक्के शिक्षक म्हणून मोजायचं नाही, पगारच फक्त टक्क्यात असतो. आणि तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासागणिक पैसे मिळणारा, जो सकाळी इथे दोन तास घेऊन दुपारी दुसऱ्या गावात दोन तास घेतो आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून घर चालवतो, तो जमल्यास दोन्ही गावांत एकेक धरा. कोणी विचारलं तर सांगायचं, मनुष्यबळाचा पुरेपूर वापर.

आता येऊ संचमान्यतेकडे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याकडे. ३० सप्टेंबरचा पट धरायचा आणि त्यावरून पदं ठरवायची, ही व्यवस्था ज्यानं शोधली त्याला माझा नमस्कार सांगा. बीडकडच्या शाळेत ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला असतो, मग दिवाळी होते, कोयता घेऊन टोळ्या कारखान्याकडे निघतात, आईबापांबरोबर पोरंही जातात, आणि तुमच्या हातातलं गुणोत्तर एकही शिक्षक न नेमता नोव्हेंबरात आपोआप सुधारतं. असली सुधारणा दुसऱ्या कुठल्या खात्याला जमलीय सांगा. पूर्वी संस्थावाले उलटं करायचे, पट फुगवून पदं वाचवायचे, म्हणून २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून, की एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये. आता शाईची गरज नाही, आधार आहे. ज्याचं आधार जुळलं तो विद्यार्थी. ज्याच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे झालं तो रोज पहिल्या बाकावर बसत असला तरी संचमान्यतेपुरता अदृश्य, आणि अदृश्य पोरांना शिकवायला शिक्षक लागत नाही हे तुम्हीही मान्य कराल.

पण खरा हुकमाचा एक्का १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय. रिक्त पदं कमी कशी दाखवायची हा तुमच्या आधीच्या साहेबांचा जन्मभराचा प्रश्न होता. ते बिचारे भरती करा म्हणून पत्रं लिहीत बसले. अहो, रिक्त पद कमी करायचे दोन मार्ग असतात, एकतर माणूस भरा नाहीतर पद काढा. या निर्णयाप्रमाणे वरच्या वर्गांचा पट वीसच्या आत आला की मंजूर पदच शून्य. शून्य पदांत शून्य रिक्त, म्हणजे रिक्तपदांचं प्रमाण शून्य टक्के, म्हणजे डोंगरातली ती अठरा पोरांची शाळा शिक्षक उपलब्धतेत जिल्ह्यात पहिली. तिचा सत्कार ठेवा. मुख्याध्यापकांना बोलवा, असतील तर. शिक्षक संघटना ओरडतील, ओरडल्याच, पण तिथे असलेले शिक्षक "अतिरिक्त" म्हणून समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत हलवायच्या, यादीत टाकले की अहवालात आणखी एक वाक्य वाढतं, की जिल्ह्यात शिक्षक कमी तर नाहीतच, उलट अतिरिक्त आहेत. हे वाक्य ठळक अक्षरात घ्या.

उरली काही पदं मंजूर आणि रिकामी, तर त्यांना रिक्त म्हणू नका, "भरती प्रक्रियेत" म्हणा. प्रक्रियेला आपल्याकडे भरपूर आयुष्य असतं. २ मे २०१२ ला भरतीवर बंदी आली, २०१७ ला पवित्र या ऑनलाइन शिक्षक भरतीच्या पोर्टलचा निर्णय झाला, त्या डिसेंबरात भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. चाचणी दिलेली पोरं मध्ये लग्न करून, पोल्ट्री टाकून, कुरियर वाटून झाली, पण पद मात्र सगळा वेळ प्रक्रियेत होतं. प्रक्रियेतलं पद म्हणजे येऊ घातलेला शिक्षक, त्याला निम्मा तरी धरायला हरकत नसावी.

प्रत्यक्ष शाळेत जाऊन मोजायचा मोह झाला तर आधी कळवून जा. न कळवता जायचे परिणाम वाईट असतात. २००३ साली संशोधकांनी देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत अचानक भेटी दिल्या तेव्हा दर चार शिक्षकांमागे एक जागेवर नव्हता, आणि हजर असलेले सगळे शिकवत होते असंही नाही. महाराष्ट्र त्यात सगळ्यात बरा निघाला, साधारण १५ टक्के गैरहजर, म्हणजे पेढे वाटायला जागा आहे. पुढे २०१७ ला अझीम प्रेमजी फाउंडेशनने पुन्हा बघितलं तर विनाकारण दांडी मारणारे अडीच टक्केच, बाकीचे जे जागेवर नव्हते ते रजेवर नाहीतर सरकारी कामाला. हा दुसरा आकडा जरा अडचणीचा आहे. मास्तर कामचुकार आहेत हे वाक्य आपल्याला किती कामाला येतं, आणि हा आकडा म्हणतो मास्तरला बाहेर आपणच पाठवलंय. शक्यतो पहिलाच वापरा, जुना आहे पण सोयीचा आहे.

कारण बाहेर आपणच पाठवतो हे खरंच आहे. कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच शाळाबाह्य कामं चालतात, पण निवडणुकीत बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणारा, येतो, आणि बीएलओ म्हणजे बारमाही पीक. शिवाय प्रशिक्षण, पडताळणी, अमुक सप्ताह, तमुक पंधरवडा, प्रत्येकाचे फोटो, फोटोंची लिंक, लिंक भरली का विचारणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. या सगळ्याला हजेरीपुस्तकात "कर्तव्यार्थ" लिहायचं. कर्तव्यावर असलेला माणूस उपलब्ध नाही असं कसं म्हणता येईल?

आणि मोजणीचं कामही शिक्षकच करतात, हे लक्षात घ्या. लिपिक आहे कुठे? शिपायाचं तर २०२० पासून पदच भत्त्यावर गेलंय, त्यामुळे घंटा देणारा, युडायस भरणारा, आधार जुळवणारा आणि शालार्थ या पगाराच्या पोर्टलवर बिल लावणारा हा एकच गृहस्थ असतो आणि तो बहुतेक वेळा गणिताचा सर असतो कारण त्याला कॉम्प्युटर येतो. शाळेत गणिताचे शिक्षक उपलब्ध आहेत का, ही माहिती भरायला तो तिसऱ्या तासाला स्टाफरूममध्ये बसतो. सर्व्हर डाऊन असला तर चौथ्या तासालाही. माहिती भरतो, "होय, १ उपलब्ध", सबमिट करतो, पान पुन्हा कोरं येतं, परत भरतो. वर्गात मॉनिटर बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहीत असतो. आता तुम्हीच सांगा, उपलब्ध आहे की नाही? पोर्टल म्हणतं आहे.

तरीही कोणाला वर्गात शिक्षक दिसलेच पाहिजेत असा हट्ट असेल तर २०२२ ची "आपले गुरुजी" ही कल्पना पुन्हा काढा, शिक्षकांचे ए-फोर साइजचे फोटो वर्गाच्या भिंतीवर लावायची. तेव्हा शिक्षकांनी उगाच नाकं मुरडली, अपमान वगैरे म्हणाले. माझ्या मते योजना काळाच्या पुढची होती. फोटो रजेवर जात नाही, त्याला बीएलओची ऑर्डर निघत नाही, तो अतिरिक्त ठरत नाही, सातवा वेतन आयोग मागत नाही आणि अचानक भेटीतही शंभर टक्के हजर सापडतो. एका फोटोमागे किती विद्यार्थी याला वरची मर्यादाही नाही. उलटा प्रकारही आपल्याकडे आहेच, २०२५ ला नागपूरकडे बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं, पगारपत्रकावर नावं आणि नेमणुकीचा पत्ता नाही. त्यांचा आकडा तुमच्या शिक्षकसंख्येत आधीच मिळवलेला असेल तर आता काढत बसू नका, बेरीज बिघडते.

एवढं करूनही एखाद्या गावातले लोक हट्टीपणा करतीलच. शाळेला कुलूप ठोकतील, टेम्पोत पोरं भरून तुमच्या ऑफिसात आणतील आणि तुमच्या केबिनबाहेर व्हरांड्यात शाळा भरवतील, पत्रकार फोटो काढतील. शांत राहा. पोरांना बिस्किटं द्या, सरपंचांना चहा द्या, आणि दोन दिवसांत गणिताचा शिक्षक देतो म्हणून लेखी द्या. मग शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषद हायस्कूलचे एकुलते एक गणिताचे सर पुढील आदेशापर्यंत प्रतिनियुक्तीवर इकडे पाठवा. गाव खूश, सरपंच खूश, जिल्ह्याच्या गुणोत्तरात शून्य फरक. शेजारच्या गावाला कळायला चाचणी परीक्षेपर्यंत वेळ लागतो, त्यानंतर ग्रामसभा, ठराव, निवेदन, स्मरणपत्र, आणि त्यांचा टेम्पो निघेपर्यंत तुमची बदली झालेली असते.