शॉर्टफिल्म मोबाईलमुळे जन्माला आली म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शाळेतल्या मित्रांच्या, कॉलनीच्या, पाहुण्यारावळ्यांच्या, आणि चौथा चक्क द्राक्षबागायतदारांच्या. तिथं तो कुणी आणि का टाकला, देव जाणे. मजकूर असा:

"शॉर्टफिल्म ही मोबाईलची देणगी. २००५ ला यूट्यूब आलं, मग नेट स्वस्त झालं आणि लघुपट जन्माला आला. त्याआधी पिक्चर म्हणजे तीन तासांचाच. भारतातला पहिला पिक्चर १९१३ चा. शॉर्टफिल्म ही मोठ्या पिक्चरची पहिली पायरी, पैसे नसलेला माणूस ती करतो. आपली सांगली नाटकाची, तिचा ह्याच्याशी काय संबंध?" खाली दोन जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

माझे वडील सांगलीतल्या एका थिएटरात ऑपरेटर, म्हणजे पिक्चरचं मशीन चालवणारे, होते. त्या जागी आता गाळे आहेत. त्यामुळं हा मेसेज वाचून गप्प बसवेना.

"त्याआधी पिक्चर म्हणजे तीन तासांचाच."

नेमकं उलटं आहे. आधी आला तो आखूडच पिक्चर. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जो खेळ केला, त्यात दहा फिल्म होत्या आणि एकही मिनिटभर चालत नव्हती. ह्यात कलेचा वगैरे विचार नव्हता. त्यांच्या यंत्रात सतरा मीटरच्या आसपास फिल्म मावायची. हँडल फिरवत राहिलं की पन्नासेक सेकंदांत ती संपायची. संपली की पिक्चर संपला! ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांनी एक रुपया मोजून जे पाहिलं, तेही असलेच सहा तुकडे.

"मग त्या नुसत्या क्लिपा झाल्या की," असं एकानं ग्रुपवर सुनावलं. बऱ्याचशा होत्या. गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, एवढंच. पण त्या दहांतली एक बघा. माळी पाइपानं बागेला पाणी घालतोय. एक पोरगं मागून येऊन पाइपवर पाय देतं. पाणी बंद. माळी तोंडाशी धरून पाइपात डोकावतो, पोरगं पाय काढतं, आणि फवारा थेट तोंडावर. मग पोराला धरून चोप. सुरुवात, खोडी, फजिती, शेवट, सगळं मिनिटाच्या आत. आज कॉलेजातली पोरं स्पर्धेला वीस मिनिटांची फिल्म पाठवतात आणि त्यात बारा मिनिटं नायक नदीकाठी बसून विचार करतो. त्यांनी हा माळी आधी बघावा.

पुढं हजार फुटांचं रीळ रूढ झालं. वडिलांचा हिशेब तोंडपाठ असायचा: बोलपटाचे नव्वद फूट म्हणजे एक मिनिट, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत उतरतं. मूकपटाच्या काळात रीळ जरा हळू फिरायचं, तेव्हा तेच पंधरा मिनिटांपर्यंत पुरायचं. फ्रान्सच्या मेलिएसनं १९०२ साली पडद्यावर चंद्रावर स्वारी नेली ती एवढ्याच वेळात. १९१४ पासून चॅप्लिननं जगाला हसवलं ते बहुतेक एका-दोन रिळांत. तेव्हा ह्याला कुणी वेगळं नाव देत नव्हतं, कारण पिक्चर म्हणजे तोच. मोबाईल आल्यावर घरातल्या साध्या फोनला आपण लँडलाईन म्हणायला लागलो ना? तसं लांब पिक्चर आल्यावर आखडाला 'शॉर्ट' म्हणायची वेळ आली.

"भारतातला पहिला पिक्चर १९१३ चा."

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरात लागला, ते खरंच. पण हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. भारतीय माणसानं कॅमेरा चालवायला त्याच्या बरीच वर्षं आधी सुरुवात केली होती, आणि काय टिपलं ते सांगलीकरांनी तरी विसरू नये. कुस्ती! हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत फोटोग्राफीचा धंदा करायचे. इंग्लंडहून कॅमेरा मागवून त्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची लढत टिपली आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली. ज्या जिल्ह्यात कुंडलच्या मैदानाला लोक कामधंदा सोडून जातात आणि हिंदकेसरी मारुती माने यांचं नाव निघालं की आवाज खाली येतो, तिथं हे शाळेत शिकवायला हवं. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, ते स्वागतही सावेदादांनीच टिपलं.

आणि खुद्द फाळके? हरिश्चंद्राआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज कॅमेऱ्यासमोर थोडं थोडं टिपत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली आणि ती बघून भांडवलदार पैसे द्यायला तयार झाला. 'अंकुराची वाढ', साल १९१२. आज फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण दाबून आपण छाटणीनंतर द्राक्षवेलीला फुटणारे डोळे टिपतो, ते ह्याच घराण्यातलं. (बागायतदारांच्या ग्रुपवर मेसेज का आला, ह्याचं कारण मला इथं सापडलं.)

गंमत म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा चार रिळांचा, साधारण ३,७०० फुटांचा. वडिलांच्या नव्वद फुटांच्या हिशेबानं एकेचाळीस मिनिटं. ऑस्करवाले चाळीस मिनिटांपर्यंतच्या फिल्मला लघुपट म्हणतात. एका मिनिटानं वाचला! तेव्हा हँडल हळू फिरायचं, त्यामुळं प्रत्यक्षात खेळ जास्त चालायचा, हा भाग वेगळा.

"मोठ्या पिक्चरची पहिली पायरी."

काहींसाठी असते. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट आधी, 'फँड्री' हा मोठा पिक्चर नंतर. पण 'सैराट'नं थिएटरं ओसंडून गेल्यावर ह्याच माणसानं 'पावसाचा निबंध' हा लघुपट केला आणि दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. पायरी चढून गेलेला माणूस परत खाली कशाला येईल? सत्यजित राय यांचंही तेच. 'पथेर पांचाली'ला नऊ वर्षं झाल्यावर, १९६४ मध्ये, त्यांनी 'टू' हा लघुपट केला. दोन पोरं, एक बंगल्यातलं, एक झोपडीतलं, आणि संवाद एकही नाही. पैसे नव्हते म्हणून केला, असं म्हणणार का?

"सांगलीचा काय संबंध?"

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक थिएटरात वर्षानुवर्षं रोज लघुपट लागत होता. फिल्म्स डिव्हिजन हे सरकारी फिल्म काढणारं खातं १९४८ मध्ये सुरू झालं आणि मोठ्या पिक्चरआधी सरकारी फिल्म दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं, वर त्याचं भाडंही भरावं लागायचं. धरणं, देवीची लस, पूर, परेड. वडील सांगायचे, निम्मी पब्लिक मुद्दाम उशिरा यायची: "न्यूज चालू असंल, विडी ओढून जाऊ." ते मात्र केबिनमधून सगळं बघायचे, दुसरा इलाज नव्हता. त्यांना भाक्रा धरण आमच्या कृष्णेच्या घाटापेक्षा जास्त पाठ होतं. आणि विजया मुळे यांची १९७४ ची 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहिलेली माणसं आज नातवंडं खेळवतायत. तो लघुपट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आता मेसेजमधलं खरं काय, तेही सांगतो. लांब पिक्चरनं आखडाला हळूहळू मुख्य खेळातून ढकलून विडी ओढायच्या वेळेत नेऊन बसवलं. पुढं तीही जागा गेली. फिल्म करायची म्हटलं तर कॅमेरा भाड्यानं, रीळ धुवायला मुंबई, आणि एवढं करून दाखवायची कुठं? वीस मिनिटांसाठी तिकीट कोण काढणार? फोननं ही अडचण सोडवली. आटपाडीचं पोरगं आज फिल्म करतं आणि रात्रीत ती पाचशे माणसं बघतात. मोबाईलनं लघुपटाला जन्म दिला नाही, दार उघडून दिलं.

ह्यातलं थोडं, सावेदादांपर्यंतचं, मी बागायतदारांच्या ग्रुपवर टाकलं. तासभर शांतता. मग तासगावच्या एका तात्यांचं उत्तर आलं: "ते सगळं राहू दे. कुस्ती कुणी मारली?"