भूतानचं शुल्क म्हणजे लूट नव्हे
कोरोनानंतर भूतान २३ सप्टेंबर २०२२ ला पर्यटकांसाठी पुन्हा खुलं झालं, तेव्हापासून भारतीय पर्यटकांना माणशी, दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क पडतं. भूतानच्या सहलीवरच्या तुमच्या लेखात या शुल्काला लूट म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. इतर देशांच्या पर्यटकांना तेव्हा २०० डॉलर होते, २०२३ मध्ये ते १०० वर आणले. त्यामानाने आपल्याला सवलतच आहे, आणि डोंगर-जंगलं राखायला पैसा लागतोच. हां, दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं (६ ते १२ वयाला निम्मं) म्हणजे रात्रीला ३६०० होतात, मध्यमवर्गीयाला ते जडच. पण खरी अडचण कागदपत्रांची. प्रवेशासाठी आधार कार्ड चालत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच हवं. हे लेखात ठळक छापायला हवं होतं.